राहून गेलेला डी

हॅकमटॅक हिलच्या शेकर वस्तीतली आठशे बारा गाणी ज्या बाईमुळे टिकली, तिला स्वतःला एक ओळ धड सुरात गाता येत नव्हती. हे आर्व्हिला पिंकहॅम आल्यागेल्याला आपणहून सांगायची, आणि सांगताना तिची मान जरा ताठच असायची. जन्मजात कमतरतेचाही माणसाला अभिमान वाटू शकतो, हे मी तिच्याकडे बघून शिकलो.

ती सात वर्षांची असताना तिच्या बापाने तिला बोचक्यासकट वस्तीच्या दारात उभं केलं आणि वसंतात न्यायला येतो म्हणून सांगितलं. कुठल्या वसंतात, ते काही तो बोलला नाही. अमेरिकेच्या उत्तर टोकाला, मेनमध्ये, वसंत तसाही उशिराच येतो, म्हणून पोर तीन वर्षं धीर धरून होती. या तीन वर्षांत ती एकदाही रडली नाही. पुढेही कित्येक वर्षं नाही. रडली की आपण इथलेच झालो असा अर्थ होईल, असं काहीतरी तिच्या डोक्यात बसलं असावं.

आता शेकर म्हणजे लग्न न करता ब्रदर-सिस्टर म्हणून एकत्र राहणारा ख्रिस्ती पंथ, आणि त्यांच्या घरात गाण्यावाचून पान हलत नाही. प्रार्थनेला गाणं, झाडलोटीला गाणं, सफरचंदं सोलायला गाणं, पाहुणा निघाला तर गाणं आणि निघत नसेल तरी गाणं. पहिल्याच रविवारी आर्व्हिलाने सगळ्यांच्या बरोबरीने तोंड उघडलं, आणि समोरच्या बाकांवरच्या ब्रदर मंडळींना वाटलं की गोठ्याच्या दारात कुणाचं तरी बोट सापडलंय. दोघे तर उठून बघूनही आले. प्रार्थना संपल्यावर वस्तीच्या प्रमुख, थोरल्या सिस्टर झिल्फा, यांनी तिला बाजूला घेतलं. झिल्फाबाई म्हणजे कडक इस्त्रीचं काम. त्या म्हणाल्या, "आर्व्हिला, देवाला तुझं मन ऐकू येतं. त्याला तेवढं पुरे."

तेव्हापासून आर्व्हिला नुसते ओठ हलवायला लागली. सदुसष्ट वर्षं हलवले. इतके बेमालूम, की उन्हाळ्यात शेकर बघायला येणाऱ्या बायका हमखास तिच्या आवाजाची तारीफ करून जायच्या. ती ती तारीफ स्वीकारायचीही.

पण झिल्फाबाईंनी तिला मोकळं सोडलं नाही. पोरीचं अक्षर मोत्यासारखं आणि डोकं पक्कं, तेव्हा तिला गाणी उतरवायच्या कामाला लावलं. वस्तीच्या जुन्या वह्या उंदरांनी कुरतडल्या होत्या, शाई उडाली होती. शेकरांची गाणी लिहायची रीतच निराळी. पाच रेघा नाहीत, काळे ठिपके नाहीत; ए, बी, सी, डी, ई, एफ, जी ही इंग्रजीची पहिली सात अक्षरं म्हणजेच सात सूर, बस्स. वर चढवलं की सूर वर, खाली उतरवलं की खाली. आर्व्हिलाला वाचायला शिकवलं ते याच अक्षरांवर. त्यामुळे इतर मुलांना ए दिसला की ॲपल आठवायचं, हिला ए दिसला की सूर दिसायचा. गाता येत नसताना सूर दिसणं म्हणजे दात नसताना अक्रोड मिळण्यासारखंच, पण तिने जन्मभर तेच काम केलं.

गाण्याखाली दोन गोष्टी लिहायच्याच असा नियम होता: गाणं कधी मिळालं, आणि कोणाला मिळालं. 'मिळालं' हा तिथला खास शब्द. शेकर गाणं रचत नाहीत, त्यांना ते मिळतं. सिस्टर लोणी घुसळत असते, आणि एकाएकी एखादी गेलेली आजी किंवा फावला वेळ असलेला देवदूत तिच्या कानात गाणं घालून जातो. अर्ध्याअधिक गाण्यांना शब्दच नसतात, नुसतं लोडल-लोडल-लो. देवदूतांची भाषा कुणाला समजणार. आर्व्हिलाने आठशे बारा गाण्यांखाली आठशे बारा नावं लिहिली. त्यात तिचं स्वतःचं एकदाही आलं नाही. तिला कधी काही मिळालंच नाही. ती म्हणायची, देवदूतांनाही कान असतात.

तिने उतरवलेलं गायचं काम लोव्हिना टिबेट्सचं. लोव्हिना स्वयंपाकघर सांभाळायची. आर्व्हिलापेक्षा दोन वर्षांनी मोठी, चांगली रुंद, आणि आवाज असा की ऐकताना हातातलं काम राहावं. पण गाण्याच्या बाबतीत बेशिस्त. वहीत एक आणि हिच्या तोंडात भलतंच. आर्व्हिला बोट ठेवून अक्षर दाखवायची, लोव्हिना त्या बोटावरून उडी मारून पुढे जायची. दोघींची मिळून एक पूर्ण गायिका होत होती, पण ती अखंड स्वतःशीच भांडत असायची.

१९५८ साल उजाडेपर्यंत बाकी सगळे टेकडीवरच्या दफनभूमीत जाऊन पडले होते आणि वस्तीत या दोघीच उरल्या होत्या. त्यातली थोरली म्हणून लोव्हिना आता थोरली सिस्टर. म्हणजे नियमाप्रमाणे काही चूक झाली की आर्व्हिलाने तिच्यासमोर उभं राहून मन मोकळं करायचं. आर्व्हिलाने यावर सोपा तोडगा काढला होता: तिच्या हातून चुका होणं बंदच झालं होतं. निदान ती तसं म्हणायची.

त्या ऑक्टोबरात बॉस्टनहून पत्र आलं. कुठल्याशा विद्यापीठाच्या ग्रंथालयातले कोणी मिस्टर लॉक्रिज टेपचं यंत्र घेऊन येणार होते. वस्तीची गाणी त्यांना कायमची जतन करायची होती, आणि सगळ्यात आधी त्यांना हवा होता 'झिल्फाबाईंचा निरोप'.

या निरोपाबद्दल सांगायला हवं. झिल्फाबाई १९०८ साली गेल्या. शेवटचे तीन दिवस आर्व्हिला त्यांच्या उशाशी बसून होती. त्या गेल्यावर त्यांच्या गाण्यांच्या वहीत तिला एक चिटोरं सापडलं. थरथरत्या हाताने लिहिलेली पंचवीस अक्षरं, सगळी ए ते जी मधलीच. म्हणजे जाता जाता त्यांना शेवटचं गाणं मिळालं होतं. आर्व्हिलाने ते त्याच दुपारी वहीत उतरवलं, 'मिळालं: झिल्फा' असं खाली लिहिलं, आणि लोव्हिनाने ते दफनाच्या वेळी गायलं. टेकडीवर एक डोळा कोरडा राहिला नाही. पुढे ते दर रविवारी म्हटलं जाऊ लागलं आणि बघता बघता शेजारच्या गावांतही पसरलं. तिथल्या चर्चमध्ये आजही ते कुणाच्याही मयताला लागतं.

या गाण्यात मधेच एका ठिकाणी लोव्हिना डी दोनदा घ्यायची. वहीत डी एकच होता. आर्व्हिला म्हणायची, एकच. लोव्हिना म्हणायची, दोन. हे पन्नास वर्षं चाललं होतं. डीवरून दोघी एकदा सबंध एक हिवाळा अबोल राहिल्या होत्या, आणि घरात तेव्हा तिसरं माणूस नसल्यामुळे मांजराची फार ओढाताण झाली होती.

आता टेपवर गाणं जायचं म्हणजे कायमचं जायचं. यंत्रात चुकीचा डी गेला तर तो जगबुडीपर्यंत तसाच वाजत राहणार. बॉस्टनचा पाहुणा यायच्या आदल्या दिवशी दुपारी आर्व्हिलाने ठरवलं, की झिल्फाबाईंच्या हातचं मूळ चिटोरंच काढायचं आणि लोव्हिनाच्या नाकासमोर धरायचं. ते तिने पेटीच्या तळाशी जपून ठेवलं होतं आणि पन्नास वर्षांत पुन्हा पाहिलं नव्हतं. पाहायची हिंमत नव्हती असं म्हणा. तिने चष्मा पुसला, चिटोरं उलगडलं, बोट ठेवत ठेवत मधल्या जागेशी आली.

डी दोन होते.

आर्व्हिलाने पेटीचं झाकण लावलं आणि त्यावर बसली. आठशे बारा गाण्यांत एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही, हीच काय ती तिची आयुष्यभराची कमाई. आणि चुकली कुठे, तर नेमकी इथे. तिने पुन्हा मोजलं. डी दोनच होते. ती तशीच बसून राहिली, आणि तेवढ्यात खालून स्वयंपाकघरातून वास आला. बुधवार होता. बुधवारी लोव्हिना बीफ आणि कोबी उकडायची.

कोबीचा वास नाकात आणि चिटोरं डोळ्यांसमोर, अशा अवस्थेत तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच अक्षरांचे सूर झाले नाहीत. अक्षरं अक्षरंच राहिली. सी, ए, बी, बी, ए, जी, ई. म्हणजे कॅबेज, म्हणजे कोबी. पुढे थोडी जागा सोडून बी, ई, ई, एफ. बीफ. मग ए, डी, डी: ॲड, म्हणजे घाल. ई, जी, जी: एग. अंडं. आणि शेवटी एफ, ई, ई, डी आणि बी, ए, बी, ई: फीड बेब. बाळाला भरव.

आपण काय वाचलं हे कळायला तिला बराच वेळ लागला. ज्या गाण्यावर अर्ध्या परगण्याने मयताला रुमाल ओले केले होते, ती स्वयंपाकाची यादी होती. आणि तिचं गाणं केलं होतं कोणी, तर आर्व्हिला पिंकहॅमने. वर एक डीही खाल्ला होता.

खोलीत शेगडी पेटलेली होती. चिटोरं आत टाकलं असतं तर प्रश्न मिटला असता, आणि तिचा हात शेगडीच्या दारापर्यंत गेलाही. पण झिल्फाबाईंचं अक्षर होतं ते. तिने ते ॲप्रनच्या खिशात ठेवलं. जेवताना कोबीला हात लावला नाही, तेव्हा लोव्हिनाने विचारलं, पोट बिघडलंय का. आर्व्हिला म्हणाली, हो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्टर लॉक्रिज आले. बो टाय, उंच, सदोदित भारावलेले. दार उघडलं तेव्हाच म्हणाले, अप्रतिम. खुर्ची दिली तेव्हाही म्हणाले. यंत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं तेव्हा टेबलाचा एक पाय करकरला. मग त्यांनी निरोपावर आपण काय काय लिहून ठेवलंय ते ऐकवलं. लेख छापायला गेला होता. सुरुवातीचे दोन बी म्हणजे देह सोडताना आत्म्याची घालमेल. एफ म्हणजे पलीकडचा काठ दिसणं. आणि शेवटाकडे येणारे ते जोडीचे जी, तिथे तर मला, ते म्हणाले, स्वर्गाचं दार दोनदा ठोठावल्याचं स्पष्ट ऐकू येतं.

अंड्याबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी बोललं नसेल. आर्व्हिलाची कानशिलं तापली. ती उठली, पाहुण्याला पाच मिनिटं थांबायला सांगितलं, लोव्हिनाचा दंड धरून तिला मुरांब्यांच्या कोठीत नेलं आणि दार लावून घेतलं.

"मला मन मोकळं करायचंय," ती म्हणाली.

थोरली सिस्टर होऊन लोव्हिनाला अकरा वर्षं झाली होती आणि हे गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलं होतं. तिने ॲप्रन सारखं केलं, चेहरा जमेल तेवढा गंभीर केला आणि एका पिंपावर बसली.

आर्व्हिलाने उभ्यानेच सगळं सांगितलं. आधी डी सांगितला, कारण तोच सांगायला जड होता. मग कोबी. मग बाकीचं. आपल्या चुकीपायी पन्नास वर्षं लोक जेवणाच्या यादीवर रडले, आणि आता ती यादी विद्यापीठात जाणार. तिने चिटोरं काढून पुढे केलं. लोव्हिनाने ते घेतलंच नाही.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"कोबी. अगं, मी स्वयंपाकीण. मला नाही कळणार? झिल्फाबाई रोज सकाळी माझ्या दाराशी येऊन जेवण गुणगुणायच्या. याच सात अक्षरांत बसतील असे पदार्थ शोधून काढायच्या. बीन्स हवे असले की बाई हैराण, एनला आणि एसला सूरच नाही. मग सरळ बोलून सांगायच्या आणि दिवसभर फुरंगटलेल्या असायच्या."

आर्व्हिलाला हे ऐकून डीपेक्षाही मोठा धक्का बसला. सतरा वर्षं ती त्या बाईच्या हाताखाली होती, आणि त्या बाईंच्या ओठांचा कोपरा हललेलाही तिने पाहिला नव्हता.

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?" ती म्हणाली. "गायलीस कशी?"

"गाल चावून. बीफला तर रक्त आलं." लोव्हिना हसली, मग थांबली. "तू चिटोरं घेऊन आलीस तेव्हा सांगणारच होते. पण तू रडत होतीस. सात वर्षांची आलीस तेव्हापासून पहिल्यांदा. मी म्हटलं, रडू दे हिला. दफन झालं की सांगू. मग रविवारी सांगू म्हटलं. मग राहूनच गेलं."

"पन्नास वर्षं?"

"तू डीवरून भांडायला लागलीस ना. मग मलाही राग आला."

बाहेर मिस्टर लॉक्रिज एकटेच कशाला तरी अप्रतिम म्हणत होते, बहुतेक चुलीला. आर्व्हिलाने चिटोरं पुन्हा डोळ्यांजवळ नेलं. एक गोष्ट तिला अजून लागत नव्हती, आणि अर्धवट कळलेलं काही सोडून देणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती म्हणाली की कोबी, बीफ, अंडं ठीक आहे, पण शेवटचं बाळ कुठलं? त्या वर्षी वस्तीत लहान मूल एकही नव्हतं. गोठ्यात वासरू झालं असेल, त्याचं नाव बेब ठेवलं असेल.

"वासरू कसलं," लोव्हिना म्हणाली. "तू."

"मी चोवीस वर्षांची घोडी होते."

"तू तीन दिवस त्यांच्या उशाशी उपाशी बसली होतीस. एक घास घेत नव्हतीस. त्यांना बोलवत नव्हतं, म्हणून लिहिलं. माझ्यापाशी तुझं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही. बाळ जेवलं का. बाळाला मोजे दे. सात वर्षांची होतीस तेव्हापासून तेच. तुला कळू द्यायचं नाही, डोक्यावर बसेल, अशी सक्त ताकीद होती."

आर्व्हिला दुसऱ्या पिंपावर बसली. ते लोणच्याचं होतं आणि झाकण नीट बसलेलं नव्हतं, पण ते तिच्या लक्षात आलं नाही. ती रडली. आयुष्यात दुसऱ्यांदा, आणि या खेपेला गाणं नसतानाच. लोव्हिनाने खिशातून रुमाल काढून दिला. त्याला कांद्याचा वास येत होता, त्यामुळे रडणं अपेक्षेपेक्षा जरा जास्त वेळ चाललं.

पाच मिनिटांची पंचवीस झाल्यावर दोघी बाहेर आल्या. आर्व्हिलाने यंत्र सुरू करायला लावलं, त्याच्यासमोर ताठ बसली आणि स्वच्छ आवाजात सांगितलं की पुढचं गाणं ही जेवणाची यादी आहे, त्यात डी दोन आहेत, आणि वहीत एकच आहे ती चूक आर्व्हिला पिंकहॅमची. मिस्टर लॉक्रिज आधी हसले, मग चिटोरं पाहून पांढरे पडले. लेख छापायला गेलाय, असं ते तीनदा पुटपुटले. स्वर्गाचं दार ठोठावणं आता थांबवता येईल का, हे बघायला त्यांना तार करावी लागणार होती. लोव्हिनाने त्यांच्यापुढे ॲपल पायचा मोठा तुकडा ठेवला आणि त्यांना म्हणाली, जेवण हाही एक निरोपच असतो, त्यात काय एवढं.

मग ती गायली. सत्तरी ओलांडलेली बाई, पण आवाज तसाच. डी दोन्ही घेतले, दुसरा जरा जास्तच ठासून. शेवटची चार अक्षरं आली तेव्हा तिच्या शेजारून आणखी एक आवाज निघाला. सदुसष्ट वर्षं नुसते ओठ हलवणाऱ्या आर्व्हिलाने तोंड उघडलं होतं. टेपवर ते ऐकू येतं. ग्रंथालयातल्या माणसांनी त्या जागी यंत्रात बिघाड अशी नोंद केली आहे, आणि त्यांना समजावायला मी गेलेलो नाही.

त्या संध्याकाळी तिने मोठी वही उघडली. राहून गेलेला डी बारीक अक्षरात बसवला. मग खाली 'मिळालं: झिल्फा' लिहिलं होतं त्यावर सरळ रेघ मारली, टाक पुन्हा शाईत बुडवला, आणि पुढे लिहिलं: 'एकवीस अक्षरं लोव्हिनाला. शेवटची चार मला.'

तेवढ्यात खालून स्वयंपाकघरातून लोव्हिनाने गुणगुणत हाक दिली, एफ, ई, ई, डी, आणि मग तीच शेवटची चार अक्षरं. आर्व्हिलाने वही मिटली, जिना उतरून खाली आली, दुसरा बी जरा खाली लागला म्हणून सांगितलं, आणि जेवायला बसली.